खजुराच्या सहा बिया

मुकादमचाचांना कुठलीही गोष्ट सांगितली की ते म्हणत, "असेल." हा "असेल" लांबवलेला असायचा आणि त्याचा अर्थ "नसणार" असा होता. बँक आज लवकर बंद होणार आहे? असेल. तुझ्या मुलाला नव्वद टक्के मिळाले? असेल. एकदा मी त्यांना माझं वय सांगितलं, तर त्यालाही ते "असेल" म्हणाले आणि माझ्या कानाकडे बघत बसले.

कानाकडे बघणं ही त्यांची खास सवय होती. त्यांचं म्हणणं, माणसाला टक्कल पडतं, मिशी येते, पोट सुटतं, पण कान आहे तसाच राहतो. कुठल्याही ओळखपत्रावर ते आधी फोटोतला कान बघत, मग समोरच्या माणसाचा. तेवीस वर्षं मस्कतमध्ये काढून मी परत आलो, पण अजूनही नवीन माणूस भेटला की माझी नजर आधी त्याच्या कानावर जाते. चाचांनी मला दिलेली ही एक वाईट खोड.

अब्दुल्ला मुकादम हे श्रीवर्धनकडचे. मस्कतच्या हमरिया भागातल्या एका बोळात त्यांचं फ्रीज आणि एसी दुरुस्तीचं दुकान होतं. ते स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवत, मूठ कानाला लावत आणि डोळे मिटून ऐकत. गिऱ्हाईक शेजारी उभं राहून फ्रीजला काय झालंय ते सांगत असायचं, त्याच्याकडे यांचं लक्ष नसायचं. माणूस खोटं बोलतो, मोटर बोलत नाही, असं ते मला म्हणाले होते. मस्कतबाहेरच्या बरका गावच्या मासळी बाजारात ते माशाचे कल्ले उघडून, पोट दाबून, वास घेऊन दहा मिनिटं घालवत आणि शेवटी शेजारच्या माणसाकडून मासे घेत. पहिल्याने इतका वेळ तपासू दिलं म्हणजे त्याच्या मालात काहीतरी आहे, हा त्यांचा हिशेब.

आमची ओळख मात्र क्रिकेटमुळे झाली. त्या काळी मस्कतमध्ये कंपन्यांच्या संघांची लीग चालायची. वरच्या डिव्हिजनच्या मॅचना खुर्च्या, शामियाना, नाश्ता असं सगळं असायचं. खालच्या डिव्हिजनच्या मॅचना काहीच नसायचं. खडीचं मैदान, मधोमध सिमेंटची पट्टी, तिच्यावर मॅटिंग, आणि बाजूला डोंगराची कोरडी भिंत. शुक्रवारी सकाळी खेळ सुरू व्हायचा, दुपारी जुम्म्याच्या नमाजासाठी थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा. मी एका कंपनीत ड्राफ्ट्समन होतो. खेळता येत नव्हतं, पण अक्षर चांगलं, म्हणून आमच्या संघाचा स्कोअर लिहायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच मोसमात एक पांढऱ्या दाढीचा, उंच, वाकलेला माणूस निळी बर्फपेटी घेऊन माझ्या टेबलामागे येऊन बसला. दर चेंडूनंतर तो शर्टाच्या डाव्या खिशातून काहीतरी काढायचा आणि उजव्या खिशात टाकायचा. ओव्हर संपल्यावर त्याने माझ्या खांद्यावरून वहीत डोकावून विचारलं, "किती लिवलंस?"

मी सहा म्हणालो. त्याने उजवा खिसा टेबलावर रिकामा केला. खजुराच्या पाच बिया होत्या. तो म्हणाला, "अंपायरनी एक बॉल खाल्ला. तू डोल्यांनी लिवतोस का सवयीनी?"

मला राग आला. नंतर समोरच्या संघाच्या स्कोअररची वही बघितली तर तिच्यातही पाचच चेंडू होते. मी सवयीने सहावा ठिपका दिला होता. त्या दिवसापासून चाचा माझी वही दर ओव्हरला तपासत आणि मीही, खोटं कशाला बोला, दर ओव्हरला त्यांच्या खिशाकडे बघत असे. वैध चेंडू पडला की एक बी डावीकडून उजवीकडे जाई, वाइड किंवा नो बॉल पडला की जागेवर राही. पुढच्या ओव्हरला सगळा प्रवास उलटा.

चाचा कुठल्याच संघाचे नव्हते. त्यांना खालच्या डिव्हिजनच्या मॅचच आवडत. वरच्या डिव्हिजनवर बघणाऱ्यांचे डोळे असतात, खाली कुणी बघत नाही, म्हणून आपण बघायचं, असं ते म्हणत. एकदा तर त्यांनी आपल्या पत्र्याच्या टेपने खेळपट्टी मोजली आणि ती दीड हात कमी भरली. अख्खा मोसम त्या आखूड पट्टीवर खेळला गेला होता. कमिटीतल्या लोकांनी टेपवरच शंका घेतली. चाचांना ते इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी ते तीन वेगळ्या कंपन्यांच्या टेप घेऊन आले. पट्टी तिन्ही टेपांनी आखूडच भरली, आणि कमिटीने त्यांचं नाव काढणं बंद केलं.

दुसरा किस्सा एका गोवेकर अंपायरचा. हा माणूस पायचीतचं अपील सरसकट फेटाळायचा. चाचांनी संशय घेतला की तो फलंदाजांना सामील आहे. पाच शुक्रवार त्यांनी त्याच्यावर पाळत ठेवली आणि सहाव्या शुक्रवारी भर मैदानात त्याच्या डाव्या बाजूने चेंडू टाकून बघितला. अंपायरला तो दिसलाच नाही. एक डोळा जवळजवळ गेलेला होता आणि अंपायरकी सुटेल म्हणून तो कुणाला सांगत नव्हता. चाचांनी कुठेही तक्रार केली नाही. रविवारी ते त्याला आपल्या पिकअपमधून डोळ्यांच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरवर भरवसा नव्हता म्हणून तपासणी होईपर्यंत दारातच उभे राहिले. हे मला त्या अंपायरने सांगितलं. चाचांना विचारलं तेव्हा ते "असेल" म्हणाले.

अशा माणसाच्या नजरेसमोर आम्ही दत्ताला आणून उभा केला.

दोन हजार सालाच्या आसपासची गोष्ट. आमच्या संघाचा कप्तान कर्णिक, कंपनीचा सेल्स मॅनेजर, दिसायला छान आणि स्वतःवर खूश असलेला माणूस. तो एकदा मवालेहच्या भाजी मंडईत गेला असताना मागच्या मोकळ्या जागेत कांद्याचे ट्रक उतरवणारी पोरं टेनिसच्या चेंडूने खेळत होती. त्यातला एक उंच, काटकुळा, वीसेक वर्षांचा मुलगा असा काही वेगाने चेंडू टाकत होता की कर्णिक भाजी विसरून घरी आला. हा दत्ता, गुहागरकडचा. एजंटाने ड्रायव्हरची नोकरी सांगून आणला आणि बरक्याच्या एका शेतावर बकऱ्या राखायला ठेवला. सात महिन्यांनी तो तिथून पळाला. पासपोर्ट अर्बाबाकडेच, म्हणजे मालकाकडेच, राहिला. स्पॉन्सरला सोडून पळालेल्या अशा माणसाला तिकडे आपले लोक ‘खल्लीवल्ली’ म्हणतात. म्हणजे सोडून दिलेला, कुणाचाच नसलेला. पोलिसांनी पकडला तर तुरुंग आणि मग देशाबाहेर.

लीगचा नियम कडक होता. खेळाडू त्याच कंपनीच्या व्हिसावर पाहिजे आणि मॅचआधी प्रत्येकाचं लेबर कार्ड दाखवायला पाहिजे. आमच्या गोदामात रमेश नावाचा एक हेल्पर होता. तो रजेवर गेला आणि परत आलाच नाही. त्याचं कार्ड मात्र ऑफिसच्या खणात राहून गेलं होतं. कर्णिकने ते काढलं. दत्ता आमचा रमेश झाला.

हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. मलाही होतं. दर शुक्रवारी माझ्या सुवाच्य अक्षरात मी ‘रमेश’ लिहीत होतो आणि त्याच्यापुढे विकेटी मांडत होतो. मला त्याची लाज वाटत नव्हती, कारण मुलगा चेंडूच असा टाकायचा. त्याची धाव छोटी होती. शेवटच्या पावलाला सगळं अंग उंच व्हायचं आणि हात कानाला घासून सरळ वर जाऊन खाली यायचा. मॅटिंगवर चेंडू पडल्याचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा. खालच्या डिव्हिजनमधले सेल्समन आणि सुपरवायझर त्याच्यापुढे उभे राहायला घाबरत.

त्याच्या दुसऱ्याच मॅचला चाचा बर्फपेटी घेऊन हजर झाले. तिसऱ्याला आले, चौथ्याला आले. आयुष्यभर कुठल्या संघाच्या मागे न गेलेला माणूस आमची एकही मॅच चुकवेना. मैदान घाला भागात असो की वादी कबीरला, चाचांची पिकअप आमच्या आधी उभी. कर्णिकचं धाबं दणाणलं. म्हातारा खेळ बघतोय की माणूस बघतोय, असं तो मला सारखा विचारायचा. दत्ताला आम्ही ताकीद दिली होती की चाचांच्या जवळ जायचं नाही, त्यांच्याकडचं पाणी प्यायचं नाही आणि कानावर टोपी ओढून ठेवायची.

एकदा चाचा मला सहज म्हणाले, "ह्या पोराला रमेश म्हून हाक मारली की हा जरा उशिरा बघतो. तू बघितलंस?"

मी म्हटलं, कानाने कमी ऐकू येत असेल.

"असेल," चाचा म्हणाले.

मी घरी जाऊन बायकोला सांगितलं की आता संपलं. पण पुढच्या शुक्रवारी काही झालं नाही, त्याच्या पुढच्याही नाही. चाचा येत, बिया मोजत, आणि दत्ताची ओव्हर चालू असताना एक शब्द बोलत नसत. एरवी प्रत्येक बोलरच्या हाताबद्दल त्यांना शंका असायची. कोपर वाकवून चेंडू फेकणारे बोलर त्यांनी कमिटीला कितीतरी दाखवून दिले होते. दत्ताबद्दल एकदाच, विचारलं नसताना, म्हणाले, "हात सरळ हाय." चाचांच्या तोंडून कुणाबद्दल इतकं चांगलं मी आधी ऐकलं नव्हतं. तरी मला बरं वाटलं नाही. बरक्याच्या बाजारात ते जास्त वेळ तपासून शेवटी काय करत, ते मला माहीत होतं.

आम्ही जिंकत जिंकत सेमीफायनलला पोचलो. त्या मोसमात लीगच्या निवडक खेळाडूंचा एक संघ शारजाला खेळायला जाणार होता, आणि निवड करणारे त्या दिवशी आमची मॅच बघायला येणार होते. दत्ताचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. शारजाला जायचं म्हणजे पासपोर्ट दाखवावा लागणार, याचा विचार कर्णिकने केला नव्हता, किंवा केला असला तरी मॅच जिंकल्यावर बघू म्हणून बाजूला ठेवला होता. दत्ताला तर काही सुचतच नव्हतं. शारजाला जायचं, एवढंच तो बोलत होता.

सकाळी मैदानावर गेलो तर कळलं की दोन अंपायरांपैकी एक आला नाही आणि दोन्ही कप्तानांनी मिळून मुकादमचाचांना उभं केलंय. समोरच्या कप्तानाने नाव सुचवलं होतं. म्हातारा कुणाचाच नाही, म्हणून कुणाचाही चालेल, असं त्याचं म्हणणं. कर्णिकला नाही म्हणायला कारण सापडेना.

खेळ सुरू व्हायच्या आधी मी दोघांना लांबून बघितलं. पिकअपच्या मागे चाचा आणि दत्ता उभे होते. चाचांनी खिशातून एक कागद काढून त्याला दाखवला आणि बराच वेळ हळू काहीतरी बोलले. दत्ता मान हलवत होता, नाही, नाही. मग तो तिथून निघाला आणि टोपी काढून गरागरा फिरवत मैदानात आला. चेहरा काळवंडला होता. काय झालं विचारलं तर म्हणाला, काय नाय.

त्याची पहिली ओव्हर निर्वेध गेली. चौथ्या चेंडूवर त्यांचा चांगला फलंदाज बोल्ड झाला, स्टंप लांब उडाला, निवड करणारे खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. चाचा स्क्वेअर लेगला होते. त्यांचा हात शांतपणे एका खिशातून दुसऱ्या खिशात जात होता.

त्याच वेळी एक इंग्रजी पेपरचा फोटोग्राफर आला. लांब भिंगाचा कॅमेरा त्याने स्टँडवर चढवला आणि रोख दत्ताच्या धावेकडे धरला.

दत्ताच्या दुसऱ्या ओव्हरचे दोन चेंडू झाले. तिसऱ्याला चाचांचा हात आडवा झाला. नो बॉल. कशाचा, म्हणून कर्णिक ओरडत गेला. चाचांनी आपलं कोपर वाकवून दाखवलं. म्हणजे मुलगा चेंडू फेकतो आहे. चौथा चेंडू, पुन्हा नो बॉल. पाचवा दत्ताने अगदी हळू, हात ताणून टाकला, चेंडू नुसता पोचला. चाचांचा हात पुन्हा आडवा. लीगचा नियम असा होता की तीनदा चेंडू फेकला असं अंपायरने ठरवलं की त्या बोलरला त्या मॅचमध्ये पुन्हा चेंडू द्यायचा नाही.

मग जे झालं ते सांगण्यासारखं नाही. आमची पोरं चाचांच्या अंगावर धावून गेली. कर्णिकने त्यांना नाही नाही ते ऐकवलं. फोटोग्राफरने धावत जाऊन त्या गोंधळाचे फोटो काढले. दत्ता मात्र भांडला नाही. तो मधोमध उभा राहून आपला उजवा हात वर करत होता, खाली आणत होता आणि कोपराकडे बघत होता. मग त्याने चेंडू खाली ठेवला आणि मैदानाबाहेर चालू लागला. त्याला थांबवायला कुणी गेलं नाही.

गोंधळ चालू असताना चाचा माझ्या टेबलाशी पाणी प्यायला आले. सवयीनेच असेल, त्यांनी विचारलं, "किती लिवलंस?" आणि मोजलेल्या बिया टेबलावर ठेवल्या.

मी दोन म्हणालो. दोन वैध, तीन नो बॉल. टेबलावर पाच बिया होत्या.

मी बियांकडे बघितलं, त्यांनीही बघितलं. मग त्यांनी त्या मुठीत गोळा केल्या आणि जागेवर गेले. तोंडाने नो बॉल म्हणत होते, पण हाताने प्रत्येक चेंडू बरोबर म्हणून मोजला होता. ते जाणूनबुजून खोटं बोलले होते, याचा पुरावा माझ्या समोर होता.

आम्ही हरलो. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला तो चाचांचा, हात आडवा केलेला आणि भोवती आरडाओरडा करणारी आमची माणसं. दत्ता कुठेच नव्हता. महिन्याभरात बातमी आली की जिंकलेल्या कंपनीच्या लेबर कॅम्पातले सगळे एसी बघायचं काम मुकादमला मिळालं. मग काय, सगळ्यांना सगळं समजलं. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी हुडकणारा माणूस शेवटी विकला गेला, असं रुवीपासून घालापर्यंत सगळे बोलत होते. मी बियांची गोष्ट कर्णिकला सांगितली आणि त्याने ती सगळ्यांना सांगितली. मला चाचांचा मनापासून तिटकारा आला. इतकी वर्षं त्यांनी माझ्या वहीवर संशय घेतला, आणि मी त्यांच्यावर कधी घेतला नाही, याचं मला सगळ्यात जास्त लागलं.

चाचांना त्यानंतर कुणी अंपायर म्हणून उभं केलं नाही. कुणी त्यांच्याशी बोलेना. तरी ते येत राहिले, फक्त बर्फपेटी माझ्या टेबलामागून उचलून मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला गेली. माझी वही बघायला ते पुन्हा आले नाहीत. त्यांनी कुणाला काही खुलासा दिला नाही आणि मी मागितला नाही.

दत्ता परत दिसला नाही. तो राहत कुठे होता, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. हे आज लिहिताना जड जातं. पुढच्या शुक्रवारी बोलर कोण, याचीच आम्हाला काळजी होती.

सहा-सात वर्षं गेली. मी रजेवर आलो होतो आणि सासुरवाडीला, गुहागरला, चार दिवस राहिलो होतो. सासूबाईंचा फ्रीज थंड होईना म्हणून मेकॅनिकला बोलावलं. एक उंच, आता जरा भरलेला माणूस आला. त्याने फ्रीज भिंतीपासून ओढला, स्क्रूड्रायव्हरचं टोक कॉम्प्रेसरवर टेकवलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले.

मी त्याच्या कानाकडे बघितलं. दत्ता होता.

त्यानेही मला ओळखलं, पण आधी फ्रीजचं काम पुरं केलं. मग ओटीवर बसून चहा पिता पिता सगळं सांगितलं. त्या सकाळी चाचांनी त्याला दाखवलेला कागद म्हणजे पेपरातलं कात्रण होतं. नोकर पळाला की तिकडचे मालक पेपरात त्याचा फोटो छापून आणतात, याला कामावर ठेवू नका, दिसला तर कळवा म्हणून. चाचा पेपरात आधी त्या नोटिसा वाचत. दत्ताचा फोटो त्यांनी मोसमाच्या सुरुवातीलाच कानावरून ओळखला होता आणि कात्रण खिशात घालून अख्खा मोसम त्याची बोलिंग बघत होते. सेमीफायनलला मात्र पेपरवाला येणार हे त्यांना समजलं. ज्या पेपरात नोटीस आली त्याच पेपरात त्याचा मोठा फोटो येणार होता, आणि वर निवड झाली तर पासपोर्ट मागणार होते. चाचा त्याला म्हणाले, ताप आलाय सांग आणि घरी जा. दत्ता म्हणाला, मी बोलिंग टाकणारच.

"मग त्यांनी काय केलं ते तुम्ही बघितलं," दत्ता म्हणाला.

मैदानातून तो चालत निघाला होता. जुम्म्याच्या नमाजानंतर चाचांची पिकअप रस्त्यात त्याच्याजवळ थांबली. पाच महिने त्यांनी त्याला हमरियाच्या दुकानाच्या माळ्यावर ठेवला. पळालेल्या माणसाला ठेवून घेणं हाही तिकडे गुन्हा, सापडले असते तर चाचांचं दुकान आणि तीस वर्षांचा मुक्काम दोन्ही गेलं असतं. तिथे त्यांनी त्याला फ्रीजचं काम शिकवलं. मग सरकारने अशा लोकांना माफी दिली आणि चाचा स्वतः त्याला विमानतळापर्यंत सोडून आले.

मी त्याला सहज विचारलं, इथल्या टुर्नामेंटमध्ये खेळतोस का.

तो हसला नाही. म्हणाला, "त्या दिवसापासून बॉल हातात धरला नाय. माळ्यावर पाच महिने मी त्यांना विचारत होतो, चाचा, माझा हात वाकत होता काय? ते बोलायचेच नाय. इकडे येऊन आरशासमोर टाकून बघितलं. मला वाकलेलाच दिसतो. लोक म्हणतील, म्हाताऱ्याने तुला वाचवलं. वाचवलंच. पण फ्रीज काय, कोणीपण शिकेल. मी बोलर होतो."

निघताना त्याने कोकमाच्या सोलांची एक पुडी माझ्याकडे दिली. म्हणाला, चाचांना द्या, आणि मी विचारलं ते तुम्ही विचारा. तुम्हाला कदाचित सांगतील.

मस्कतला पोचल्यावर पहिल्या शुक्रवारी मी वादी कबीरच्या मैदानावर गेलो. कुठल्या तरी दोन अगदी खालच्या संघांची मॅच होती. चाचा लांबच्या टोकाला निळ्या बर्फपेटीवर बसले होते. बरेच म्हातारे झाले होते, आणि पुढच्या महिन्यात कायमचे श्रीवर्धनला जाणार असं मी ऐकलं होतं. मी वळसा घालून त्यांच्यापर्यंत चालत गेलो. ते अंतर इतकं मोठं असेल असं टेबलापाशी बसून कधी वाटलं नव्हतं.

मी पुडी दिली. त्यांनी ती उलटीसुलटी केली, वास घेतला, एक सोल जिभेला लावून बघितलं. "मिठात टाकलीत बरोबर," ते म्हणाले. "कोणी दिली?"

मी सांगितलं. त्यांनी पुडी खिशात ठेवली आणि मैदानाकडे बघत राहिले. मी माफी मागायचं ठरवून आलो होतो. विकला गेलेला माणूस म्हणून मीच तुमची बदनामी केली, असं म्हणालोही. त्याला ते नेहमीसारखंच "असेल" म्हणाले. ते एसीचं काम त्याच महिन्यात त्यांना का मिळालं, हे विचारायचं माझ्या ओठावर आलं होतं, आणि मी ते गिळलं. ते मला आजही माहीत नाही.

मग मी दत्ताचा प्रश्न विचारला. त्याचा हात वाकत होता का?

चाचांचा हात खिशाकडे गेला आणि तसाच थांबला. ते म्हणाले, "सरळ होता. पाचही बॉल सरळ होते. तुला दिसलं नाय काय टेबलावर?"

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर पुढच्या शुक्रवारी हितं येऊन उभा राहिला असता." मग त्यांनी विचारलं, "टाकतो ना आता?"

मी नाही म्हणालो. त्याला आता स्वतःचा हात वाकलेला दिसतो, हेही सांगितलं.

समोर कुणीतरी बोलर धावत येत होता, चेंडू टाकत होता, परत जात होता. चाचा तिकडे बघत होते, पण त्यांचे दोन्ही हात मांडीवर पडून होते. अंपायरने ओव्हर संपल्याचं सांगितलं आणि खेळाडू टोकं बदलू लागले. तेव्हा ते दचकले, दोन्ही खिसे चाचपले आणि माझ्याकडे वळले.

"किती झाले?" त्यांनी विचारलं.

मी सहा म्हणालो. त्यांनी मान डोलावली.